पाचवा गोळा

हे मी परवापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी कितीतरी माणसांसोबत बसून चहा प्यालो, हसलो, त्यांच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करून दिल्या, भला माणूस म्हणवून घेतलं. आता सांगतो. मध्ये अडखळेन, पण या वेळी शेवटापर्यंत जाणार आहे.

सावली तालुक्यात, वैनगंगेच्या काठच्या गावात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. मोरेश्वरभाऊ माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, नाटकं होतात. त्या नाटकांचे पडदे भाऊ रंगवायचे. त्यांना एक वेड होतं — भर उन्हात आकाशात रंग उडवायचं. रात्रीची आतषबाजी कोणीही करतं, ते म्हणायचे. दुपारच्या निळ्यावर केशरी धुराचं फूल उमललं पाहिजे.

ते वेड त्यांनी मला लावलं. आम्ही दोघं शोभेच्या दारूचे गोळे बनवायचो. वर्तमानपत्राचे थर चिकटवून वाळवलेले, कवठाएवढे. परवाना नव्हता, आणि हे चुकीचं आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. हिवाळ्यात नदीच्या रेतीत नळी पुरायची, गोळा वर सोडायचा, कसा फुटला ते भाऊ वहीत लिहायचे. त्यांचा नियम एकच: न फुटलेला गोळा सापडल्याशिवाय घरी जायचं नाही. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून शोधायचं काम माझं.

त्या दिवशी पाच गोळे नेले होते. चार छान उमलले. पाचवा वर गेला आणि — काहीच नाही. वाऱ्यानं तो काठाकडे ढकलला, रेती ओलांडून लाखोळी डाळीच्या शेताकडे पडला. आम्ही अर्धा तास थांबलो. मग मी पाण्याची बादली घेऊन निघालो.

इथे मला वाघाचं नाव घेता आलं असतं. आमच्या भागात कुणी शंका घेतली नसती. पण वाघ नव्हता. पाऊलखूणही नव्हती. शेताच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत गेलो आणि त्या वाळल्या गवतात पाय घालायची हिंमत झाली नाही. गोळा आत धुमसत असेल, मी वाकलो की तोंडावर फुटेल — एवढंच मनात. आणि मी भ्यालो हे भाऊंना कळू द्यायचं नव्हतं. त्यांच्यासमोर मी नेहमी छाती काढून बोलायचो ना. तिथेच खाली बसलो. एक बिडी ओढली. बादली रेतीत ओतली आणि परत आलो.

सापडला, भिजवून पुरला, असं सांगितलं. भाऊंनी वहीत तसंच लिहिलं.

एवढंच असतं तर मी हे आधीच सांगून टाकलं असतं का? असं म्हणायला बरं वाटतं. नसतं सांगितलं. पण ज्याच्यासाठी हे सगळं बोलतोय, ते अजून पुढेच आहे.

ते शेत शकुनबाईचं. नवरा गेल्यापासून एकटीच कसते. फाल्गुनात लाखोळी निघाली आणि ती धुऱ्यावरचं गवत जाळत होती. गोळा त्याच गवतात होता. तिचा डावा डोळा गेला. डाव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. तो आवाज मी दुकानात ऐकला आणि मला त्याच क्षणी कळलं. पहिला विचार काय आला असेल? कुणाला लागलं असेल, हा नव्हता. भाऊंना आता काय सांगायचं — हा होता.

भाऊ वही घेऊन दुकानात आले. पाचही गोळ्यांच्या नोंदी जागच्या जागी होत्या, मग हा कुठला? त्यांनी बोट ठेवून दोनदा मोजलं. मी मोटारीत तार भरत होतो. मान वर केली नाही.

"सहावा सोडला असन तुमी," मी म्हणालो. "मी पाणी आणाले गेलो होतो तवा. मले आवाज आला होता. तुमाले आताशा याद कुठी राहते, भाऊ?"

हेच ते. गोळा न शोधणं हा भित्रेपणा होता. पण हे वाक्य — हे मी शांत डोक्यानं, तार गुंडाळता गुंडाळता बोललो. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी वही मिटली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. स्वतःवरचा त्यांनी तिथेच सोडला.

ते एकटेच ठाण्यात गेले. गोळे आपण एकट्यानंच केले, असं त्यांनी सांगितलं. केस झाली, कोर्टाच्या तारखा त्यांनीच केल्या. माझं नाव कुठेही आलं नाही. मी येऊ दिलं नाही.

आणि नंतर? भाऊंनी पडदे रंगवणं सोडलं. अर्ध्यात विसरलो तर नाटक कंपनीचा प्रयोग अडेल, म्हणायचे. स्कूटरची चावी बायकोकडे दिली. जेवून उठल्यावर तिला विचारायचे, मी जेवलो ना? डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काही झालेलं नाही. डॉक्टरांचं त्यांना पटलं नाही. माझं पटलं होतं. दरवर्षी भाताच्या रोवणीच्या वेळी ते शकुनबाईच्या बांधीत जाऊन चिखलात उभं राहून रोपं लावायचे, आपलं पाप म्हणून. मी त्याच रस्त्यानं दुकानात जायचो.

गेल्या आठवड्यात ते पंप घ्यायला आले. दुकानाच्या दारात थांबले, खिशातून चिठ्ठी काढली, वाचली, पाटीकडे पाहिलं, पुन्हा चिठ्ठी वाचली. चिठ्ठीवर माझं नाव होतं. वीस वर्षं जिथे रोज बसले ते दुकान हेच ना, याची ते खात्री करून घेत होते.

त्यानंतर चार दिवस मी नुसता फिरलो. परवा सकाळी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. बिडीसुद्धा सांगितली. भाऊ खाटेवर बसून ऐकत होते.

"म्हणजे गोळे पाचच होते?"

"पाचच."

"माह्या ध्यानात बरोबर होतं?"

"बरोबर होतं, भाऊ."

ते उठले. आत बायकोकडे गेले. मला त्यांचा आवाज ऐकू आला — पाचच होते, अवं, मी बरोबर मोजले होते. ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मी अंगणात उभा होतो. परत आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "शकुनबाईले तू सांग," म्हणाले. "आजच. मी येणार नाई तुह्यासंगं." आणि दार लावून घेतलं.

वाटेत ठाणं लागतं. आधी तिथे गेलो. माझं नाव, माझं काम, त्या दिवशी काय केलं आणि नंतर काय बोललो, सगळं लिहून दिलं, सही केली. म्हणजे नंतर पाय मागे घ्यायला जागा उरणार नाही.

शकुनबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मला बस म्हणाली नाही, मीही बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. ती फुलं पसरत राहिली, उजव्या हातानं. माझं बोलणं संपलं तेव्हा तिनं मान वळवली, पूर्ण, कारण मी तिच्या डाव्या बाजूला उभा होतो.

"गवतात पाहाले किती वेळ लागला असता तुमाले?"

"पाच मिनटं," मी म्हणालो.