दीडइंचकाकांची माया

माझं बूड एका जागी टेकत नाही, हे मावशी शेवटपर्यंत ऐकवत होती. ती गेल्यावर तर पायाला भिंगरीच लागली. साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मी इतक्या फेऱ्या घातल्या की शिपाई वैतागून म्हणाला, "बाई, झाडू हातात घेतला असतात तर निदान फरशी झाली असती!"

काय करू? माझ्या डोक्यावरचं छप्पर एका शिंप्याच्या जिभेवर अडलं होतं.

मावशीनं लग्न केलं नाही, जन्मभर टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी केली. अकरा वर्षं मी तिच्यापाशी राहिले. शेवटची तीन वर्षं ती अंथरुणालाच खिळली होती, तेव्हा तिचं सगळं मीच केलं. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर तिनं मला लिहून दिलं, एका पानावर, स्वतःच्या हातानं. ते मृत्युपत्र कोर्टातून मंजूर करून आणायचं, त्याला प्रोबेट म्हणतात. मामानं हरकत घेतली, "ही सही माझ्या बहिणीची नाहीच." अकरा वर्षांत मामा दोनदा आला, त्यातही एकदा औषधाच्या दुकानाचा पत्ता विचारायला. पण मृत्युपत्र टिकलं नाही तर अर्धं घर त्याचं, आणि तो ते विकल्याशिवाय राहणार नव्हता. कागदावर साक्षीदार दोन. एक निवृत्त पोस्टमास्तर, ते वारले. उरले दीडइंचकाका.

आमच्या जिन्याखाली त्यांचं दुकान. पायाचं मशीन, तोंडात टाचण्या, त्यामुळे बोलणं ओठाच्या कोपऱ्यातून. बाकीचे शिंपी शिवणीच्या आत अर्धा इंच माया, म्हणजे जादा कापड, सोडतात, हे दीड सोडणार. म्हणणार, "माणूस वाढतो, कापड वाढत नाही." नाव पडलं ते यावरूनच. एकदा एका गिऱ्हाइकाला पँट दिल्यावर यांना वाटलं, एक पाय सूतभर आखूड झालाय. गिऱ्हाइकाला पत्ताही नव्हता. हे भर दुपारी त्याच्या ऑफिसात जाऊन पँट मागायला लागले! तो बिचारा म्हणाला, "अहो, संध्याकाळपर्यंत तरी राहू द्या अंगावर."

अशा माणसाच्या हाती माझं घर. तारखेच्या चार दिवस आधी मी विचारलं, "काका, मावशीनं सही केली तेव्हा तुम्ही समोरच होतात ना?"

त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"नाही गं. त्या सही करूनच खाली आल्या होत्या."

"मग एवढंच म्हणा, पाहिली. कोण बघायला गेलंय? दर शर्टात दीड इंच सोडता, इथं थोडी माया ठेवा की!"

"माया कापडात ठेवतात पोरी. साक्षीत नाही."

माझं डोकंच फिरलं. "मोठे आले सत्यवचनी! मी रस्त्यावर येते, तुम्ही बसा टाचण्या चघळत!" असं म्हणून मी पाय आपटत जिना चढले. पुढचे चार दिवस येता-जाता त्यांच्या डोक्यावरच्या प्रत्येक पायरीवर मुद्दाम पाय आपटले. वकीलबाईंनाही काही सांगितलं नाही. सांगायला तोंड कुठं होतं?

काका साक्षीला उभे राहिले ते गळ्यात मापाची टेप तशीच घेऊन. मामाच्या वकिलानं विचारलं, "सही करताना तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

मामा खुर्चीत आरामात रेलून बसला.

"काय बोलायचं ते कुणी शिकवलं होतं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको नको म्हणून.

"हो. हिनं. पाहिली म्हणा म्हणाली."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि काकांना विचारलं, "मग तुम्ही सही केलीत तरी कशी?"

"बाईंनी कागद माझ्या मशीनवर ठेवला. पोस्टमास्तर बटण लावून घ्यायला आले होते. बाई बोट ठेवून म्हणाल्या, ही सही माझीच, घरी बसून केलीय, हात कापतो म्हणून वाकडी आली. आता तुम्ही दोघं खाली करा. आम्ही त्यांच्यासमोर केली."

"इतकं नेमकं आठवतं?"

"त्या कोट शिवायला टाकायला आल्या होत्या ना. म्हणाल्या, माया भरपूर ठेवा, मी किती दिवस घालणार? पुढं भाचीला होईल, आणि ती माझ्याहून आडवी आहे."

सगळं कोर्ट हसलं. मला रडू फुटलं.

बाहेर आल्यावर वकीलबाई माझ्यावरच उखडल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! सही करताना दिसायलाच हवी असं नाही. तिनं साक्षीदारांना स्वतः सांगितलं ना, ही माझी सही, तेवढं पुरतं. मला आधी विचारायचं होतंत! आणि जो तुमच्या तोंडावर तुमचं खोटं सांगतो, त्याचं बाकीचं कोण खोटं मानेल?"

प्रोबेट मिळालं. घर माझं झालं. पण जिना चढायची लाज वाटायला लागली. चपला हातात घेऊन, चोरासारखी वर जायची मी. महिनाभरानं खालून हाक आली, "अगं ए, कोट पडलाय चार वर्षं. घेऊन जा."

तो शिवायला टाकल्यावर मावशी पुन्हा खाली उतरलीच नव्हती. राखाडी कोट, नवाकोरा. घातला तर दंडात अडकला. काकांनी तो काढून घेतला, शिवण उसवली आणि आतलं दुमडलेलं कापड अंगठ्यानं सपाट केलं. दीड इंच नव्हतं. चांगलं तीन इंच होतं.

"काका," मी म्हटलं, "मी तुम्हाला खोटं बोलायला लावत होते."

"हात वर कर," ते टाचण्यांमधून म्हणाले. "आणि हलू नकोस."

मी हलले नाही.