काकूच्या जगण्याला सातपैकी किती

काकूच्या हातातून हळकुंडं गळून पडत होती आणि कागदावर तिचं जगणं उत्तम चाललं होतं. तो कागद मीच भरला होता, म्हणून हे लिहावं लागतंय.

काकूला रक्ताचा कॅन्सर आहे. रोज एक गोळी घ्यायची आणि दर तीन महिन्यांनी शहरातल्या दवाखान्यात दाखवायचं. तिथे रक्ताच्या रिपोर्टसोबत एक फॉर्मही बघतात. गेल्या आठवड्यात थकवा किती, दुखणं किती, झोप कशी. प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकोन, ‘अजिबात नाही’पासून ‘खूप’पर्यंत. शेवटी एकच मोठा प्रश्न: एकूण जगणं कसं चाललंय, एक ते सातमध्ये सांगा. गोळीचा त्रास फार दिसला तर डॉक्टर डोस कमी करून बघतात. फॉर्मवर त्रास दिसलाच नाही, तर तो अंगावर काढायचा.

मी रुग्णांच्या हक्कांची पत्रकं लिहिते. ‘आधी रुग्णाला विचारा’ ही ओळ माझ्या प्रत्येक पत्रकात असते, ठळक अक्षरात. वसमतच्या एसटी स्टँडवर उभी राहून मी ती वाटलेली आहेत. तेव्हा काकूचा फॉर्म मीच भरणार, हे कुणी न सांगताच ठरलं. डोंगरकड्याजवळच्या आमच्या गावी गेले, ओसरीवर बसले आणि भाषण ठोकावं तशी प्रश्न वाचायला लागले. समोर बाजेवर आबा, म्हणजे माझे आजोबा, काकूचे सासरे. काकू दाराच्या चौकटीआड, डोक्यावर पदर.

“पायऱ्या चढताना दम लागतो का?”

“न्हाई.”

“पोटाचा काही त्रास?”

“न्हाई.”

“हातपाय दुखतात?”

“बरं हाय मनते ना.”

आबा खूश झाले. “आमची सून खंबीर हाय. शहरातल्या बाया शिंक आली तरी आडव्या होतेत.”

मी खुणा करत गेले. शेवटच्या प्रश्नाला सहा. दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी कागद पाहिला, “छान” म्हणाल्या आणि तोच डोस पुढे चालू ठेवला. एक काम झालं, असं वाटून मी माझ्या कामाला लागले.

तीन महिने होत आले तेव्हा परत गावी गेले. अंगणात वाळलेल्या हळदीचा ढीग होता आणि बाया गोल बसून हळकुंडं नि गड्डे वेगळे करत होत्या. काकू त्यांच्यात होती, पदर खांद्यावर. तिच्या हातातलं हळकुंड पडलं. तिने उचललं, पुन्हा पडलं. मग एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं धरून ती नुसती बसून राहिली.

“काय झालं गं?”

“वांब येतेत तिच्या बोटाला, आखडून बसतेत,” शेजारची मावशी म्हणाली. “रोजचंच हाय. तुला ठावं न्हाई?”

“अन् गोळी घेतली की परसाकडं पळावं लागतंय,” काकू म्हणाली. “चार-चार डाव. नळावरून हंडा तर आता ही मावशीच आणून देती.”

“मग मी विचारलं तेव्हा काहून नाही सांगितलंस?” मी चिडूनच बोलले.

“सासऱ्यापुढं जुलाबाचं सांगू व्हय?”

“आणि पायऱ्या?”

“आपल्या घरी पायऱ्या कुठं हायेत? न्हाईतच, तर दम कशानं लागंल?”

बाया हसल्या. मावशी म्हणाली, “पोरगी पत्रकं लई वाटती. पण कुठं बसून काय इचारावं, ते न्हाई शिकवलं कुणी.”

मला राग आला. आधी पायऱ्यांचा प्रश्न काढणाऱ्यांचा, मग बाजेवरच्या आबांचा. शेवटी तो माझ्यावर आला आणि तिथेच थांबला. एखाद्या साहेबाने बाईला सासऱ्यापुढे असं विचारलं असतं, तर मी त्याच्यावर चार पानं लिहिली असती. इथे काकूने तीन महिने फुकट सोसलं होतं, माझ्या खुणांमुळे.

नवा फॉर्म मी त्या ढिगापाशीच भरला. पायऱ्यांच्या जागी हंडा विचारला. तिने जे सांगितलं तेच लिहिलं. शेवटचा प्रश्न आला.

“सात म्हंजे कसं?” तिने विचारलं.

“एकदम चांगलं. आजाराच्या आधी होतं तसं समज.”

“आधी कुणी इचारलं होतं?”

एक गड्डा बाजूला टाकत ती म्हणाली, “तीन लिही. पण तीन लिहिल्यावर गोळी बंद करतील का?”

“नाही करणार.”

“बराबर ठावं हाय का तुला?”

नव्हतं. पत्रकात मी अशी वाक्यं बेधडक लिहिते. इथे नुसती ‘हो’ अशी मान हलवली.

तिने ते ओळखलं असणार. दवाखान्यात नंबर यायच्या आधी तिने फॉर्मवर बोट ठेवलं. “पेन काढ. तिनाचं पाच कर.”

“पण काकू, खरं तर...”

“खरं माझं हाय ना?”

मी पाच केलं. हाताच्या आणि पोटाच्या खुणांना मात्र तिने हात लावू दिला नाही.

मॅडमनी रिपोर्ट पाहिला, फॉर्म पाहिला, मागचाही काढून शेजारी ठेवला. “हाताचं कधीपासून?” काकूने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, “मॅडम, हिला जरा बाहेर जाऊ द्या.”

मी बाहेर बाकावर बसले. दार बराच वेळ बंद होतं. काकू बाहेर आली तेव्हा गोळ्यांचं नवं पाकीट तिने छातीशी धरलं होतं. डोस कमी केला होता. कमी डोसने रक्त काबूत राहतं का, ते पुढच्या रिपोर्टात कळणार होतं. भीती गेली नव्हती. तिने फक्त एका भीतीची दुसरी भीती करून घेतली होती.

“काय सांगितलंस त्यांना?”

“तुला काहून सांगू?” ती म्हणाली. “पत्रक काढशील.”