काकीच्या नावाचं सरबत

माझ्या काकीवर अन्याय झाला तो गेल्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी, सकाळी, डिचोलीच्या माटोळीच्या बाजारात. मी शेजारीच बसले होते. लोक गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीला बांधायला रानफळं घेत होते आणि काकी मुळगावच्या घरी केलेलं भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, सरबत विकत होती. बाटलीवर तिचंच नाव. इस्त्रीचे शर्ट घातलेले दोघे आले. "हे नाव आमच्या कंपनीचं आहे. उचला."

"तुमचा?" काकी म्हणाली. "माज्या बापाशीन ठेवलेला ता. तुमी बारशाक इल्लास काय?"

बाजार हसला. ते हसले नाहीत. बाटल्या टेंपोत घालून घेऊन गेले.

घोळ काकाचा. काही वर्षांपूर्वी पणजीहून एक साहेब आला होता. म्हणाला, तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना घालू, गावच्या बायकांना काम देऊ. काका त्याला देवळात घेऊन गेला. देवाला गाऱ्हाणं घातलं: भिरंड गावचं, हात गावच्या बायकांचे, नाव घरच्या बाईचंच राहू दे. साहेबानेही हात जोडून सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हटलं. झालं! काकाच्या लेखी करार तिथेच झाला. नंतर पणजीच्या कचेरीत पुढे आले ते कागद वाचणं म्हणजे त्याला देवावर अविश्वास वाटला. न वाचता सह्या केल्या, आणि काकीचं नाव त्यातच कंपनीकडे गेलं. साहेबाला देव म्हणजे फुकटचा साक्षीदार, तोही कोर्टात न येणारा.

तुयेला कारखाना काही आला नाही. साहेबाची कंपनी दुसरीने गिळली, दुसरीला परदेशातल्या तिसरीने. आता काकीच्या नावाचं पेय आखातात भरतात, आफ्रिकेत भरतात, युरोपातही भरतात. मोपाच्या विमानतळावर मी एक बाटली घेतली. मागे बारीक अक्षरात साखर, आम्ल, रंग. भिरंड औषधालासुद्धा नाही. पुढे नऊवारीतली कुणी मॉडेल, आणि खाली लिहिलंय, 'गोव्यातल्या एका आईच्या हातची चव'. आई कुठली हो? काकीला मूल नाही. चोरी करताना तेवढी चौकशीसुद्धा केली नाही या लोकांनी.

मालक कोण, म्हणून मी कंपनीच्या कचेरीत विचारायला गेले.

"ते वरती असतात," तिथल्या बाई म्हणाल्या.

"वरती म्हणजे कुठे?"

"आम्हाला तरी कुठे माहीत गो बाय!"

म्हणजे जगभर बाटल्या भरणारा मालक कुणाला सापडत नाही, पण पाटावर बसलेली काकी यांना बरोबर सापडते.

काका म्हणतो, नाव बदलूया, भानगड नको. काकी म्हणते, "तुया तुजा बदल. मी माजा बदलूचंय नाय." गावच्या येत्या जत्रेत ती पुन्हा बसणार आहे, त्याच नावाने. यावेळी खटला घालू, असं कंपनीने कळवलंय.

तुम्ही वाचून हळहळू नका, हळहळीने कुणाचं काही वाचत नाही. दुकानात ती बाटली हातात आली तर खाली ठेवा. जत्रेला या. आणि ते आले की काकीच्या पुढे उभे राहा.