बाभळीत अडकलेली नाव

माझ्या वहिनीच्या लुगड्याचं आम्ही एकदा शीड केलं होतं.

आज पहाटे वहिनी गेली.

सरस्वती वहिनी. माझ्या थोरल्या भावाची बायको. माझ्या फ्रेंडलिस्टमधले निम्मे लोक तिच्या हातचं जेवून गेलेत.

ही गोष्ट महाराष्ट्र नवा नवा होता तेव्हाची. इकडं बुलढाणा जिल्ह्यात, आमच्या गावाखाली नुकतंच धरण झालं होतं. वहिनीचं माहेर बरोबर समोर. पूर्वी पायी निघालं तर फडक्यातली भाकर गरम असताना पोचायचं. मग मधला रस्ता पाण्याखाली गेला.

माहेर रोज दिसायचं. जाता यायचं नाही.

एसटीनं वळसा घालून, दोन गाड्या बदलून, अख्खा दिवस जायचा. अन् दादा सोडायचा नाही.

एक दिवस निरोप आला, वडिलांनी अंथरूण धरलंय.

"जाऊ का?" वहिनीनं विचारलं.

"पेरणी होऊ दे," दादा ताटातून मान वर न करता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. तेच उत्तर. दादा वाईट नव्हता हो. पण ज्याला रोज विचारलं जातं, त्याला नाही म्हणायची सवय लागते.

मी तेव्हा मलकापूरच्या जिनिंगला जाणाऱ्या बैलबंड्यांवर कापसाचे बोजे बांधायचो. माझं दुकान-बिकान सगळं नंतरचं. गाठ मारण्यात आपल्याला तोड नाही, असं माझं स्वतःचं मत होतं. शिडाची होडी मी पाहिली होती ती मलकापूरच्या सलूनमधल्या कॅलेंडरवर.

तेवढंच ट्रेनिंग.

काठावर भोयाची जुनी नाव पडून होती, वल्हं मोडलेली. "मासे धरायले शिकतो," म्हणून मागितली.

"ने. पण बुडवू नको बे," भोई म्हणाला.

दादा बाजाराला गेला, त्या दुपारी आम्ही दोघं काठावर.

"भाऊजी, हे उभं राह्यते का?" वहिनी बांबूकडं बघत होती.

"अख्खी बंडी बांधतो मी. हा तर एक बांबू आहे!"

बांबू फळीच्या भोकात रोवला. चारी बाजूंनी दोर ताणले. वर दुसरा बांबू आडवा. वहिनीनं लुगडं दुहेरी करून दाभणानं शिवलं होतं. पहिल्याच खेपेला बांबू कलला अन् सगळं लुगडं तिच्या डोक्यावर.

आतून आवाज आला, "घ्या! पुन्हा नवरी झाली मी!"

हसून हसून पोट दुखलं. पुन्हा उभं केलं. मग शिडाची खालची दोन्ही टोकं मी दोरीनं मागच्या कडेला करकचून आवळली. बोजा आवळतात तशी. हलता कामा नये!

शिडाची ती दोरी बांधायची नसते. हातात धरायची असते, झोत आला की सोडायला.

कॅलेंडरवर ते दिसत नव्हतं.

नाव निघाली. खरंच निघाली.

"अव माय, चालून राह्यली ना!" समोरचं देऊळ मोठं मोठं होत गेलं.

मग वारा आडवा आला. दोरी ओली होऊन फुगलेली, गाठ दगडासारखी. दातानं सोडायला गेलो. दात हलला, गाठ नाही. नाव कलली अन् सरळ बाभळीत घुसली.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या बाभळींचे शेंडे वर येतात. काट्यांनी लुगडं धरलं, फांद्यांनी बांबू धरला. पुढं नाही, मागं नाही. खाली खोल पाणी, अन् पोहता दोघांनाही येत नाही.

माहेरचा काठ हाकेच्या अंतरावर.

वहिनीनं हाक मारली. तिचा भाऊ आला, बघितलं, पळत परत गेला. अन् चौघांनी वडिलांना बाजेसकट काठावर आणलं.

त्यांचा आवाज खोल गेलेला. तिला ऐकू येईना. माझे कान आधीपासून तिखट.

"काय म्हणून राह्यले?"

"म्हणतात, सरे, जेवली का?"

"जेवली बाबा! तुमी?" ती ओरडली.

"म्हणतात, अर्धी भाकर खाल्ली. दुधात."

"लय दुखते का?"

मग मी ऐकलं, तसं सांगितलं.

"म्हणतात, तू तर येऊन राह्यली होती ना. मंग काऊन थांबली?"

वहिनी काट्यांची फांदी धरून तशीच बसली.

ऊन कललं तेव्हा भोई दुसरी नाव घेऊन आला. आत दादा.

भोयानं दोर कापले, आम्हाला आपल्या नावेत घेतलं. "पल्याड घेऊ का भाऊ? हे काय, इथंच तर आहे."

दादानं बाजेकडं बघितलं. काठावर जमलेल्या माणसांकडं बघितलं.

"घरी चाल," म्हणाला.

नाव वळली. वहिनी आमच्याकडं पाठ करून बसली, आपला काठ लागेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडलेलं, भाकरी टोपल्यात झाकलेल्या. वहिनी एसटीच्या स्टॉपवर. दादा धावत गेला, मी त्याच्यामागं.

"कोणाले विचारून चालली?"

"कोणालेच नाही."

गाडी आली. ती चढली.

वडिलांचे डोळे मिटेपर्यंत त्यांच्याजवळ होती. दिवसकार्य झालं, मग आपली आपण परत आली. दादानं दार उघडलं. त्यावर घरात कधी चर्चा झाली नाही. पण त्यानंतर वहिनी सांगून जायची, विचारून नाही. अन् म्हातारपणी दादाच लोकांना म्हणायचा, "मले काय विचारता? तिले विचारा."

आज पहाटे उठली, सुनेला चहा ठेवायला सांगितला. चहा येईपर्यंत गेली.

कोणालाच विचारलं नाही.

जा वहिनी. सुखरूप पोच.

तुझ्या धाकट्या दिराचा नमस्कार.