मुलांना विचारणारे डॉक्टर

"चष्मा काढला बघ. आता मला तू दिसत नाहीस. सांग."

लहान पेशंटला असं म्हणून आमचे डॉक्टर चष्मा टेबलावर पालथा ठेवायचे. शौचाला रक्त पडतं हे सांगताना मुलं मान वर करत नसत. त्यांची लाज थोडी कमी व्हावी म्हणून ही युक्ती.

उल्हासनगरच्या त्या दवाखान्यात १९९० सालाच्या आसपास मी नर्स होते. तुमच्या डोळ्यांपुढे कुणी देवमाणूस उभा राहत असेल, तर थांबा. डॉक्टर चांगलेच चिडके होते. शेजारच्या सिंधी कापडवाल्यानं रेडिओ मोठा केला की हे खिडकीतून ओरडायचे, "साईं, धीरे! इधर पेट सुन रहा हूँ!"

मोरिवलीची सुनीता आली तेव्हा अकरा वर्षांची होती. मोठ्या आतड्याला सूज, आत जखमा. वर्गातून सारखं उठावं लागे, म्हणून तिनं शाळाच सोडली होती. आई अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगला. डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. रक्त थांबलं, सुनीता शाळेत जाऊ लागली. पण चेहरा सुजून गोल झाला आणि उंची वाढेना. वर्गातल्या मुली बघता बघता तिच्या वर गेल्या.

"डोस मोठ्यांच्या पुस्तकातला," डॉक्टर एकदा मला म्हणाले. "वजन बघून कमी केला, झालं. मुलांना किती द्यायचं, किती दिवस द्यायचं, कुणी धड तपासलेलंच नाही. आणि मी स्वतःला मुलांचा डॉक्टर म्हणवतो."

त्याच सुमारास मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात याच आजारावरच्या दुसऱ्या एका औषधाची मुलांवर चाचणी करायचं ठरत होतं. आखणीसाठी आमच्या डॉक्टरांनाही बोलावलं. डॉक्टर हरखून गेले. काही मुलांना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कुठली, ते डॉक्टरांनाही कळणार नाही. सुरुवातीला आणि शेवटी दुर्बिणीची नळी आत घालून आतडं बघायचं.

बैठकीला जाण्याआधी त्यांनी हे सगळं सुनीताला आणि तिच्या आईला समजावून सांगितलं.

"म्हंजे माझ्या पोरीला नुसता खडू बी मिळंल?" आईनं विचारलं.

"मिळू शकेल. पण त्रास वाढला की तिला लगेच बाहेर काढून औषध द्यायचं, हे मी त्यात घालायला लावणार."

सुनीतानं मध्येच विचारलं, "काका, पुन्हा नळी? मी बरी झाले तरी?"

"बरी झालीस का, ते बघायलाच."

"मग मी सांगितलं तर चालणार नाही?"

डॉक्टरांनी तिचा प्रश्न कागदावर लिहून घेतला. "हे मी तिथं विचारतो," म्हणाले.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर दवाखान्यात आले ते पेशंटला आत बोलवेनातच.

"विचारलंत का?" मी म्हटलं.

"विचारलं. बाहेर काढायचं मान्य झालं. मग नळीचा विषय काढला. तर तिथले मोठे सर म्हणाले, 'मग परीक्षा तरी कशाला घ्यायची? पोरांनाच मार्क देऊ द्या.' सगळे हसले." मग म्हणाले, "मीही हसलो."

"तोंडदेखलं हसला असाल."

"नाही हो सिस्टर. चांगला खदाखदा हसलो. त्यांच्यातलाच वाटावं म्हणून."

सुनीता पुढच्या आठवड्यात आली. तिला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. पण डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं, "तुझा प्रश्न विचारला मी. ते हसले. मीपण हसलो. चुकलं माझं."

सुनीता लाल झाली, जणू चूक तिचीच. मग हळूच म्हणाली, "पण मी खरं सांगितलं असतं, काका."



पुढच्या बैठकीत मात्र डॉक्टर भांडले. मुलाचं रोजचं सांगणंही धरायचं आणि मूल नको म्हणालं तर शेवटची नळी नाही, एवढं त्यांनी आखणीत घालून घेतलं. पण चाचणी झालीच नाही. औषध कंपनीनं अंग काढून घेतलं. एवढ्या थोड्या मुलांसाठी खर्च कोण करणार? डॉक्टर पुन्हा मोठ्यांच्या गोळ्या ब्लेडनं कापून देऊ लागले. पुडी हातात देताना आईबापांकडे न बघता म्हणायचे, "हा अंदाज आहे. शास्त्र नाही."

काही वर्षांनी ते झोपेतच गेले. बेलवलीच्या त्यांच्या घरी आम्ही जमलो. सुनीताही आली होती. नोकरीला लागलेली, साडी नेसलेली, उंचीनं माझ्या खांद्याइतकीच. बायकांत खाली मान घालून बसली होती. डॉक्टरांच्या बहिणीनं तिला विचारलं, "तू कोण गं? पेशंट का त्यांची?"

"हो," सुनीता म्हणाली. मग पदर सारखा करत, "ते मला विचारायचे."