दूध आहे, म्हणजे बाळ आहे

आपण हुशार आहोत हे प्रमिलाबाईंना फार लवकर कळलं होतं, आणि घोळ तिथंच झाला. पुण्याच्या कॉलेजात त्या ग्रीक तत्त्वज्ञान शिकवत. खुणेवरून न दिसणारी गोष्ट कशी ताडावी, हा त्यांचा लाडका धडा. धूर दिसला की आग, व्रण दिसला की जखम. मुली पेंगू लागल्या की त्या ग्रीकांचं ठेवणीतलं उदाहरण काढत. बाईला दूध आहे, म्हणजे ती बाळंत झालेली आहे. चेहरा फिका पडायला कारणं दहा असतील. ही खूण मात्र कधी खोटी ठरत नाही.

मग नवऱ्याला, विजयकुमारांना, शारजात नोकरी लागली आणि बाई तिथल्या रोल्ला भागातल्या दोन खोल्यांत येऊन पडल्या. शिकवायला उरली एकटी लेक आभा. ती म्हणे, "मम्मा, सो बोरिंग!" तेव्हापासून बाईंची सगळी विद्या शेजारपाजारच्यांवर चालू लागली.

शहाण्णव साली वरच्या मजल्यावरच्या रुकय्याभाभींनी आपल्या रत्नागिरीकडची हमीदा बाईंकडे कामाला लावून दिली आणि स्वतः नात्यातल्या एका लग्नासाठी गावी गेल्या. हमीदा अबोल, पण कामाला वाघ. एके सकाळी भांडी घासताना तिच्या कुडत्यावर छातीशी ओले डाग दिसले, आणि बाईंचे डोळे लकाकले. फळ्यावरचं उदाहरण त्यांच्या स्वयंपाकघरात उभं होतं!

"हमीदा, तू नुकतीच बाळंत झालीयस ना?"

हमीदानं होकाराची मान हलवली आणि ती हमसाहमशी रडू लागली. झालं! तान्हं पोर टाकून आलीय, त्याच्यासाठी जीव तुटतोय, हे बाईंनी ठरवूनच टाकलं.

"उगाच प्रॉब्लेम नको," विजयकुमार म्हणाले. "व्हिसा कॅन्सल करतो. खलास."

हमीदानं बाईंचे पाय धरले. "ताई, मला परत पाठवू नका. तिकडं माझं काय आहे?"

"काय आहे? अगं, आई आहेस की कोण?" बाई कडाडल्या. असली दगडाच्या काळजाची बाई त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

विमानतळावर बाईंनी तिच्या हातात नवी कोरी झबली ठेवली. हमीदा ती छातीशी धरून नुसती उभी राहिली. आता कुठं माया जागी झाली, असं वाटून बाईंना भरून आलं. एका तान्ह्याला आई परत दिली, हे त्यांनी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं.

रुकय्याभाभी परतल्या त्या थेट बाईंच्या दारात.

"पोर गेलं म्हणून तर आणली होती मी तिला," त्या म्हणाल्या. "नवरा रोज मारायचा. तूच खाल्लंस माझ्या पोराला, म्हणायचा."

बाई बाळंत झाली, एवढंच ग्रीकांनी सांगितलं होतं. बाळ जिवंत आहे, हे बाईंनी पदरचं घातलं होतं.

"पण ती बोलली का नाही?"

"तुम्ही विचारलंत?"

त्यांनी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच त्यांना सुचलं नव्हतं.

"भाभी, तिला परत बोलावू या. मी ह्यांना आजच सांगते."

"कशी बोलावणार? नवऱ्यानं पासपोर्ट चुलीत घातला," रुकय्याभाभी म्हणाल्या. "आणि झबल्यांवरून तिला इतकं मारलं, की तिचा एक डोळा गेला."