दोर धरणारा भाऊ

माझ्या भावाला सगळे घोरपड म्हणतात. एकदा धरलं की सोडत नाही. वादात तर मुळीच नाही, त्यामुळे त्याच्याशी बोलताना माझं डोकं हमखास फिरतं. पण माझा नवरा मध काढायला झाडावर चढला की खालून दोर धरायला घोरपडच लागायचा. बहिणीचा संसार हातात आहे, सोडेल कसा, असं नवरा हसत म्हणायचा.

मग रानात कार्बनची योजना आली. झाडं जितकी वाढतील तितका गावाला मोबदला. भाऊ राखणदार झाला, अंगावर गणवेश चढला. वाळल्या रानात धूर करायचा नाही, हा नियम मलाही पटत होता. पण धुराशिवाय मध निघत नाही आणि आमची चूल मधावरच पेटायची. वाढ थांबलेली पोकळ झाडं तोडायचं ठरलं, तेव्हा मधमाश्यांच्या एका जुन्या झाडासाठी भाऊच योजनेच्या साहेबांशी हुज्जत घालून बसला. झाड वाचलं, पण अटीवर: तिथे धूर दिसला की कुऱ्हाड.

नवऱ्याने ऐकलं नाही, त्याच झाडावर चढायचं ठरवलं. दोघांचं बोलणं बंद झालं. शेवटी दोर मी धरला.

नवरा पोळ्यापाशी पोचला आणि दोर माझ्या तळहातांतून सरकू लागला. कातडी सोलली. ओरडावं तर तो वर दचकेल. तेवढ्यात पाचोळा वाजला. धूर बघून भाऊ आणि साहेब आले होते. हिला आधी बाजूला घे, असं साहेबांनी फर्मावलं. भाऊ माझ्याकडे चालत आला. आता हा माझी बोटं सोडवणार, म्हणून मी दोर आणखी आवळला.

त्याने माझ्या मागून दोर धरला, कमरेला वेढा दिला आणि टाचा रोवल्या.

"गणवेशात आहेस तू," साहेब म्हणाले.

"मग तो तुम्हीच उतरवा, साहेब. माझे हात मोकळे नाहीत."

नवऱ्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत भावाने दोर सोडला नाही. मग त्याने नवऱ्याच्या हातातली धुमसती पेंढी हिसकावली, ठिणगी न ठिणगी पायाखाली चिरडली आणि साहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

"गुन्ह्यात आम्हा तिघांची नावं लिहा. झाडाचं काही चुकलेलं नाही."

झाड उभं आहे. भावाची नोकरी गेली, आमचं रानात जाणं बंद झालं. नावं सांगितली म्हणून नवरा त्याला अजून शिव्या घालतो. शिव्या घालायला तो घरात आहे, एवढं मला पुरे.